श्रावणातला गोवा: पाट्या, पडदे आणि हँडबिलं

एकदा वापरून टाकून देण्यासाठी छापलेला कागद हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. नाटकाचं हँडबिल, काडेपेटीवरचं चित्र, बाटलीवरचं लेबल, निवडणुकीचं पत्रक, लग्नपत्रिका आणि कागद नसली तरी त्याच कुळातली दुकानाची रंगवलेली पाटी. या सगळ्यांची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: आपण कोणाशी बोलतोय हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ग्रंथ सगळ्या जगासाठी लिहिता येतो. हँडबिल मात्र आपल्याच तालुक्यातल्या, आपलीच लिपी वाचणाऱ्या आणि येत्या शनिवारी रात्री मोकळ्या असलेल्या माणसासाठी असतं.

म्हणून गोवा. तिथे एकाच चौकात रोमन लिपीतली कोंकणी, देवनागरी कोंकणी, मराठी आणि इंग्रजी अशा पाट्या भेटतात. जुन्या दारांवर अजून पोर्तुगीजही दिसते. प्रत्येक पाटी वेगळ्या माणसाला हाक मारत असते. श्रावण निवडला तो मुद्दाम. पर्यटक कमी असतात, लोकांना बोलायला वेळ असतो आणि चतुर्थी जवळ आल्यामुळे छापखाने जागे असतात.

मंगळवार: पणजी, मळा आणि फोंतैन्य

पुण्याहून रात्रीच्या बसनं निघाले आणि सकाळी पणजीत उतरले ती धो धो पावसात. मळ्यात एका जुन्या घरात खोली घेतली होती. दप्तर टाकलं आणि पहिल्यांदा भाजी-पाव खायला कॅफे तातो गाठलं. 1913 पासूनचं हे हॉटेल. पातळ भाजी आणि सुकी भाजी एकत्र करून मागायची, सोबत मिरची भजी. शेजारच्या टेबलावरचे काका वर्तमानपत्र मागून पुढे वाचत होते, म्हणजे आधी श्रद्धांजलीचं पान. गोव्यातल्या वर्तमानपत्रांत मासिक, वार्षिक स्मरणाच्या फोटोसकट जाहिराती पानभर असतात. त्या नीट पाहिल्या तर फोटोची चौकट, क्रूस की समई, आडनाव लिहायची पद्धत यांवरून एखाद्या गावाचा अर्धा इतिहास कळतो. काकांना विचारलं तर म्हणाले, "बाय, हें पान वाचलें ना जाल्यार कोणाच्या घरा वचपाचें तें कशें कळटलें?"

दुपारी पाऊस थांबल्यावर फोंतैन्य या जुन्या वस्तीत हिंडले. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या भिंती पाहायला सगळे येतात ते हिवाळ्यात. पोर्तुगीज अमलात घरांना पावसाळ्यानंतर दरवर्षी रंग काढण्याची शिस्त होती आणि पांढरा शुभ्र रंग चर्चसाठी राखलेला असे. ऑगस्टमध्ये तो रंग फुगून पापुद्रे सुटलेला असतो आणि खालचे जुने थर दिसतात. एका कोपऱ्यावर पिवळ्याखाली निळा, निळ्याखाली विटकरी असे थर मी बराच वेळ पाहत उभी होते. रस्त्यांच्या नावाच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स भिंतीत बसवलेल्या आहेत. त्यांना इथे अझुलेजो म्हणतात.

पण या वस्तीतली सगळ्यात ताजी छपाई वेगळीच आहे. जवळजवळ प्रत्येक गल्लीत दारावर, गेटवर, खिडकीखाली विनंतीच्या पाट्या दिसतात: हे राहतं घर आहे, फोटो काढू नका, पायरीवर बसू नका. काही छापील, काही मार्करनं लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेल्या, एक तर सुंदर हातानं टाइलवर काढलेली. या पाट्या बहुतेक सगळ्या इंग्रजीत आहेत, कारण त्या शेजाऱ्यांसाठी नाहीत. उद्याच्या अभ्यासकाला या वस्तीत पर्यटनाचा काय ताण होता हे या पाट्यांवरूनच कळेल. मी त्यांचे फोटो काढले नाहीत. वहीत मजकूर उतरवून घेतला आणि जिथे घरातलं माणूस दिसलं तिथे विचारून घेतलं. एका मावशींनी हसून "पाटयेचो काड, घराचो नाका" म्हणत परवानगी दिली.

फिरायला जाणाऱ्यांसाठी: सकाळी साडेसातच्या आधी जा, गल्लीत हळू बोला, आणि टाइलवर फ्लॅश मारू नका. ओल्या टाइलवर आभाळाचं प्रतिबिंब पडतं. पोलरायझर फिल्टर असेल तर उत्तम, नसेल तर छत्री धरून तिची सावली टाइलवर घ्या.

बुधवार: जुनी पानं

कदंब बसस्थानकाजवळ पाट्टोला कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. मूळ संस्था 1832 ची, देशातल्या अगदी जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. ज्यांच्या नावानं ते आज ओळखलं जातं ते कृष्णदास शामा केळशी गावचे सोळाव्या शतकातले कवी. इमारत नवी आणि ऐसपैस आहे. दुर्मिळ विभागासाठी ओळखपत्र आणि आपल्या कामाविषयी एक पत्र जवळ ठेवलं तर बोलणं सोपं होतं. कर्मचारी आपुलकीनं मदत करतात. आपल्याला नेमकं काय हवंय ते मात्र आधी ठरवून जावं.

मला हव्या होत्या जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती. गोव्यात आशियातला पहिला म्हणता येईल असा युरोपीय छापखाना 1556 मध्ये आला, तोही योगायोगानं. तो निघाला होता अबिसिनियाला आणि गोव्यातच राहिला. पुढे 1754 मध्ये लिस्बननं इथल्या छपाईवर बंदी घातली. पुन्हा यंत्र हललं ते 1821 मध्ये, 'गाझेता द गोआ' या सरकारी साप्ताहिकासाठी. 1900 मध्ये 'ओ हेराल्दो' हे पोर्तुगीज दैनिक निघालं. इतक्या लवकर छपाई सुरू झालेल्या भूमीत मधल्या काळात हँडबिल छापायलाही यंत्र नव्हतं, ही गोष्ट मला कुठल्याही लढाईच्या तारखेपेक्षा जास्त टोचते.

मी बांधीव फायली उलटत होते आणि बाहेर पाऊस काचेवर आपटत होता. जुन्या पानांवरच्या जाहिराती वाचताना मी एक खूण करत जाते: ही जाहिरात कोणाच्या खिशाकडे बघतेय? औषध विकणारा आधी भीती घालतो, शिंपी आधी शहराचं नाव सांगतो, शिवणयंत्रवाला घरच्या बाईशी बोलतो. मुंबईच्या बोटीच्या वेळापत्रकाला मात्र चित्र लागत नाही. ते ज्याला हवंय तो शोधत येतोच.

दुपारी आझाद मैदानाजवळच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझामध्ये गेले. संस्था 1871 ची. तेव्हाचं नाव वास्को द गामाचं, 1963 मध्ये ते बदलून गोव्याचे पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं दिलं गेलं. प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांनी 1935 मध्ये केलेली अझुलेजोची मोठी भित्तिचित्रं आहेत. पोर्तो शहरातल्या सांव बेंतू स्थानकाच्या टाइल्स करणारा हाच चित्रकार. विषय पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातला: समुद्र, गलबतं, वीर, देवता. काम थक्क करणारं आहे. निळ्या एका रंगात त्यानं पाण्याचा ओलेपणा आणि चिलखताची चमक दोन्ही वेगवेगळं दाखवलंय. पण मला ते पाहताना वाटत राहिलं की ही सुद्धा जाहिरातच आहे. विकायचं होतं साम्राज्य, आणि गिऱ्हाईक होतं या दालनातून रोज जाणारा शिकलेला गोवेकर. चित्र सुंदर आहे म्हणून हा प्रश्न विचारायचा सोडू नये. उलट सुंदर आहे म्हणूनच विचारावा.

परतताना फोंतैन्यमधल्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत चित्रकार आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद यांची चित्रं पाहिली. 1870 ते 1935 हा त्यांचा काळ, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते शिकवत. घरातल्या बायका-मुलींची त्यांची व्यक्तिचित्रं इतकी जिवंत आहेत की तिथून पाय निघत नव्हता.

गुरुवार, 15 ऑगस्ट: लोटली आणि राशोल

सुट्टीचा दिवस, सरकारी संस्था बंद. म्हणून हा दिवस दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यासाठी ठेवला होता. मडगावच्या एका मैत्रिणीच्या ओळखीतल्या आंटींनी लोटलीला जेवायला बोलावलं होतं. 15 ऑगस्ट म्हणजे स्वातंत्र्यदिन, आणि ख्रिस्ती घरांत सायबिणीच्या, म्हणजे मेरीच्या, स्वर्गारोहणाचं फेस्त. त्या दिवशी पातोळ्या हव्यातच. हळदीच्या पानात तांदळाचं पीठ, आत चून म्हणजे नारळ-गूळ, आणि वाफ. हिंदू घरांत याच पातोळ्या श्रावणात आणि चतुर्थीला होतात. आंटींच्या स्वयंपाकघरात हळदीच्या पानांचा वास भरून राहिला होता. "खा गो बाय, आनीक एक घे," असं म्हणत त्यांनी माझी बशी रिकामी होऊ दिली नाही.

साल म्हणजे दिवाणखाना. शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा दुधी उजेड, वेताच्या खुर्च्या, देव्हाऱ्यासारखं लाकडी ओरातोर आणि त्याच्या आत संतांची छापील चित्रं दाटीवाटीनं लावलेली. काही चित्रांच्या मागे तारखा लिहिल्या होत्या: कोणाचा पहिला कोमुन्यांव (ख्रिस्तप्रसाद), कोणाचं मरण. सेंट झेवियरच्या शवदर्शनाच्या वेळी मिळालेली कार्डं वेगळ्या पाकिटात. दर दहा वर्षांनी होणाऱ्या त्या सोहळ्याची कार्डं एका घरात ओळीनं पाहायला मिळाली की छपाईचं तंत्र कसं बदलत गेलं ते डोळ्यांपुढे उभं राहतं: शिळाछापाचा दाणेदार रंग, मग ऑफसेट, मग प्लास्टिकचा थर.

आंटींनी बटणांचा डबा काढला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. पोर्तुगीज सार्डिनचा पत्र्याचा डबा, मासे आणि बोट छापलेला. भारतानं 1950 च्या दशकात गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा बाजारात बाहेरचा माल आला: हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, पोर्तुगालची वाइन. त्या काळातले डबे-बाटल्या गोव्याच्या घरांत अजून सुया, बटणं, खिळे सांभाळत आहेत. नाकेबंदीवर लिहिलेल्या पुस्तकांपेक्षा अशा एका डब्यानं मला त्या वर्षांतल्या स्वयंपाकघराजवळ नेलं. आंटींना डबा विकत मागितला नाही. खिडकीपाशी पांढऱ्या कापडावर ठेवून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाला पाठवले.

जेवणानंतर राशोलला गेले. सेमिनारीची, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेची, पांढरी इमारत, खाली शेतं पाण्यानं भरलेली, पाऊस आडवा. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तकथेवरचं काव्य, क्रिस्तपुराण, 1616 मध्ये याच गावी छापलं गेलं. ओव्या मराठीत, लिपी रोमन, कारण नागरीचे छपाईचे खिळे पाडून घेणं तेव्हा जमलं नाही. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज माहीत नाही. आपल्या भाषेतलं इतकं मोठं पुस्तक ज्या मातीत छापलं गेलं, तिथे छत्री उलटी होईपर्यंत मी उभी राहिले. मला ते आवश्यक वाटलं.

लोटली हे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचंही गाव. त्यांचं घर खाजगी आहे. रस्त्यावरूनच पाहा, घंटा वाजवू नका.

शुक्रवार: म्हापशाचा बाजार

म्हापशाला शुक्रवारी जायचं, बाकी दिवशी नाही. पणजीहून कदंबची शटल मिळते. सकाळी नऊपर्यंत पोचलं तर बाजार भरताना दिसतो. मयड्याची केळी, सुक्या मिरच्यांचे ढीग, चोरिसांच्या म्हणजे गोवन सॉसेजच्या माळा, मातीची भांडी, आणि या दिवसांत रानातली अळमी, पानांत बांधलेली आणि भावानं कडक. श्रावण पाळणारी गिऱ्हाइकं मासळीकडे वळत नाहीत. मासेमारीची बंदी 31 जुलैला संपलेली असते, त्यामुळे दुसरीकडे मात्र झुंबड असते.

एका कोपऱ्यात वेगवेगळ्या जुन्या बाटल्यांतून फेणी. कुठल्याही बाटलीवर फेणीचं लेबल नाही. जी लेबलं होती ती जुन्याच मालाची. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यानंतर देखण्या बाटल्या आल्या, चित्रकारांनी केलेली लेबलं आली. विमानतळावरच्या बाटलीला सगळं सांगावं लागतं: काजूचं बोंड, भाटी, गाव, परंपरा. इथे बाई फक्त बाटली हलवते आणि वर आलेले फेसाचे मोती दाखवते. घेणाऱ्याला तेवढं पुरतं. ज्या मालाला ओळखीचं गिऱ्हाईक आहे त्याला लेबल लागत नाही, हे मला त्या टोपलीपाशी कळलं आणि मग लेबलांचा माझा अख्खा संग्रह मी वेगळ्या नजरेनं आठवू लागले. लेबल म्हणजे अनोळखी माणसाशी केलेलं बोलणं.

बाजारामागच्या गल्लीत एक पेंटर भेटले. पासष्टीचे, हात अजून स्थिर. फ्लेक्स आल्यावर काम खूप घटलं, पण देवळं, चर्चची मंडळं, होड्या आणि मोटारसायकल पायलटांचे, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाल्यांचे, पिवळे मडगार्ड अजून त्यांच्याकडे येतात. ते एका बारीक ब्रशनं नंबर काढत होते. मी स्टुलावर बसून पाहत राहिले. देवनागरी पाटी असली की आधी खडूची दोरी ताणून मारायची, ती शिरोरेषा. अक्षरं तिला लटकवत न्यायची. रोमन असली की खाली-वर दोन दोऱ्या. बसमधून वाचायची असेल तर अक्षर जाड आणि सावली उजवीकडे, खालच्या बाजूला. "सावली दोन्ही बाजूंनी दिली तर अक्षर उडतं, ताई," ते म्हणाले.

मी विचारलं, कुठली लिपी अवघड? क्षणाचाही विलंब न करता म्हणाले, "रोमी, म्हणजे रोमन. अक्षरं सोपी, पण वरचा तो नागमोडी काढायचा राहिला की फादर बोलावून घेतात." अनुनासिकाची ती खूण चर्चच्या पाटीवर चुकून चालत नाही. 1987 च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोंकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि मराठीच्या सरकारी वापराचीही सोय ठेवली. रोमी लिपीवाल्यांची मागणी अजून चालू आहे. पेंटरकाकांच्या खोलीत या तिन्हींच्या पाट्या एकाच भिंतीला टेकून वाळत होत्या.

पावसाळ्यात येणाऱ्या संग्राहकांसाठी थोडं. बाजारात जुना कागद घेतला तर लगेच प्लास्टिकमध्ये कोंडू नका. आधी पंख्याखाली, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वाळू द्या. सिलिका जेलच्या पुड्या बरोबर असू द्या. सेलोटेप कधीही लावू नका. आणि लॅमिनेशन केलेलं हँडबिल गेलंच म्हणून समजा, त्यातून कागद पुन्हा सुटा होत नाही.

शनिवार: फोंडा

या सगळ्या प्रवासात मला पुन्हा पुन्हा आठवतो तो हा दिवस.

फोंडा महाल म्हणजे मंगेशी, म्हार्दोळ, कवळे यांचा मुलूख. इथे मराठी घरात, देवळात आणि विशेषतः रंगमंचावर आहे. गावच्या देवाची जत्रा असली की गावातलीच माणसं मराठी नाटक करतात. शिक्षक, बँकेतला कारकून, बसचा चालक. तालमी महिनोन्महिने चालतात. मास्टर दीनानाथांचं मंगेशी याच परिसरातलं. त्या नाटकांची हँडबिलं छापणारा एक जुना छापखाना इथे अजून आहे, असं कळलं होतं.

छापखाना म्हणजे घराच्या ओसरीला लागून एक लांब खोली. पायानं चालवायचं जुनं छपाईचं ट्रेडल मशीन कोपऱ्यात, वापरात नाही पण तेल घातलेलं. पुढे संगणक आणि छोटं ऑफसेट. मालक पंचाहत्तरीच्या पुढचे. सगळे त्यांना भाई म्हणतात. मीही भाईच म्हटलं. चतुर्थी तोंडावर असल्यामुळे आरत्यांची पुस्तकं आणि पावती-पुस्तकांची घाई होती, तरी त्यांनी मला खिळ्यांच्या केसेस उघडून दाखवल्या. मराठीची केस रोमनपेक्षा किती पसरट! जोडाक्षरं, वेलांट्या, मात्रा, सगळ्यांचे वेगळे खाने. खिळे जुळवणारा जुळारी उभ्यानं काम करायचा आणि 'श्री'चा खाना न बघता हाताला लागायचा, कारण प्रत्येक कागद श्रीनंच सुरू होतो.

मग त्यांनी दप्तरं सोडली. प्रत्येक कामाची एक प्रत त्यांच्या वडिलांपासून ठेवलेली. गुलाबी, पिवळा, पोपटी कागद. वरती देवाचं नाव, खाली "पालखी मिरवणुकीनंतर", मग नाटकाचं नाव लाकडी ठशांत, कागदाच्या रुंदीएवढं. ऐतिहासिक, पौराणिक की सामाजिक ते कंसात. मग कलाकारांची नावं. माझं बोट एका जुन्या प्रतीवर थांबलं: बायकांच्या भूमिकांपुढेही पुरुषांची नावं. पुढच्या वर्षांत बाहेरगावच्या अभिनेत्रींची नावं येतात, आणि ती सगळ्यात ठळक खिळ्यांत.

"ठळक का?" मी विचारलं.

"गावातला नट सगळ्यांना माहीतच असतो. त्याच्या नावानं कोण येणार? बाहेरून कोण आलंय ते सांगायचं," भाई म्हणाले. आणि मग हळूच, "पण नाव मात्र प्रत्येकाचं हवं. दिवा धरणाऱ्याचंही. नाव राहिलं तर माणूस वर्षभर बोलत नाही."

एका हँडबिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं: पडदे आणि वेशभूषा अमुक यांजकडून. मी पडद्यांबद्दल विचारताच त्यांनी नातवाला सोबत देऊन मला जवळच्या एका गोदामात धाडलं. तिथे बांबूला गुंडाळलेले पडदे रचून ठेवले होते: राजवाडा, रस्ता, जंगल, देऊळ. एकच उलगडला, कारण दमट हवेत रंग सुटतो. राजवाड्याचा दरबार. खांबांमागे खांब, फरशी आत आत निमुळती होत गेलेली, छताला झुंबरं. जवळून पाहिलं तर चुना आणि रंगाचे फटकारे. खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं तर खरोखर दरबार. आता एलईडीचे पडदे भाड्यानं मिळतात आणि मंडळं तेच मागतात. हा पडदा कुणी रंगवला त्याचं नाव त्यावर नव्हतं. माझ्या मते गोव्याच्या कुठल्याही संग्रहालयात असा एक तरी पडदा पूर्ण उंचीचा टांगलेला असायला हवा. चर्चच्या वेदीची चित्रं आपण जपतो तेवढ्याच आदरानं.

संध्याकाळी ओसरीवर परत आले तर भाईंनी जस्ताचे ठसे काढून ठेवले होते. त्यात दोन वेगळे: एक फूल, एक दोन पानं.

16 जानेवारी 1967 चा जनमत कौल. गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित, राहायचं? विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळावं म्हणून. संघप्रदेशाच्या बाजूला 1,72,191 मतं पडली, विलीनीकरणाला 1,38,170. आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना हा इतिहास फारसा शिकवला जात नाही. इथे तो घराघरांत आहे, आणि मराठी वर्तमानपत्रंही तेव्हा दोन्ही बाजूंना होती: 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूनं, तर 'राष्ट्रमत' विरोधात.

"आमच्या घरात फूल होतं," भाई म्हणाले. "पण वडलांनी दोन पानांचीही पत्रकं छापली. दर एकच लावला. रात्री फुलाची, पहाटे पानांची. दोन्हीकडची पोरं इथेच ओसरीवर शाई वाळायची वाट बघत बसायची. आईनं दोघांनाही चहा दिला."

मी दोन्ही ठसे हातात घेतले. फुलाची झीज जास्त होती.

रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच झालं: अळसांद्यांचं तोणाक, तायकिळ्याची भाजी, खतखतं, सोलांची कढी. सूनबाई वाढता वाढता म्हणाल्या की त्यांच्या माहेरी मूर्तीचा गणपती नाही, कागदावरचा आहे. पोर्तुगीजांच्या छळाच्या काळात मूर्ती लपवणं कठीण होतं, चित्र घडी करून ठेवता यायचं, असं त्यांच्या घरात सांगतात. चतुर्थीला ते चित्र पेटीतून निघतं आणि मग पुन्हा पेटीत जातं. गोव्यात अशी आणखीही घराणी आहेत. टाकून देण्यासाठीच्या कागदांवर मी काम करते. इथे एका कागदावर पिढ्यांचा जीव होता. त्याचा फोटो मिळेल का हे मी विचारलं नाही.

रविवार: मडगाव

दुपारी रवींद्र भवनात तियात्र, म्हणजे गाण्यांसह कोंकणी नाटक, पाहिलं. मडगावच्या रस्त्यांवर आठवडाभर त्याचे फलक होते: लेखक-दिग्दर्शकाचा मोठा चेहरा, भोवती नटांचे छोटे गोल, रोमी लिपी, भडक पिवळा आणि लाल. फोंड्याच्या हँडबिलानंतर हा फलक पाहिला की फरक लगेच कळतो. तिथे नावांची यादी बोलते, इथे चेहरे. पहिलं तियात्र 'इटालियन भुरगो' हे 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झालं, गोव्याबाहेर पोटासाठी गेलेल्या माणसांपुढे.

शेजारी बसलेल्या आजींनी मला पडद्यांचा हिशेब समजावला. अंकाला इथे पड्डो म्हणतात आणि दोन पड्ड्यांच्या मध्ये कांतारां, म्हणजे कथेशी संबंध नसलेली गाणी. एका कांतारात चालू राजकारणावर असा टोला आला की सगळं सभागृह उठून पुन्हा म्हणायला लावत होतं. भाषेची मला भीती होती, पण मराठी माणसाला सत्तर टक्के सहज कळतं. तिकीट खिडकीवरच मिळालं. बाहेर पडताना हँडबिल मागून घ्या. मागितल्याशिवाय देत नाहीत आणि सोमवारी ते रद्दीत जातं.

सोमवार: पर्वरी

सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, म्हणून आधी फोन करून घेतला होता. शाव्हिएर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं आहेत. सांतेस्तेव बेटावर 1902 मध्ये जन्म, शांतिनिकेतनात शिक्षण. त्यांची मेरी सावळी आहे, साडी नेसलेली, कपाळावर पदर. गोव्यात परत येऊन त्यांनी अशी चित्रं काढली तेव्हा धर्मसत्तेला आणि प्रतिष्ठितांना ती रुचली नाहीत. ते पुण्याला आले, आश्रमात राहिले आणि 1967 मध्ये पुण्यातच वारले. जलरंगाचे इतके पातळ, इतके संयमी थर मी क्वचित पाहिलेत. ज्या बायका शेतातून चर्चला येत होत्या त्यांच्यासारखी मेरी काढणं हा त्या काळी गुन्हा ठरला, आणि शिक्षा म्हणून गोव्यानं आपला एक मोठा चित्रकार आमच्या पुण्याला दिला. पुण्यात किती जणांना ते माहीत आहे? शाळांच्या सहली इथे यायला हव्यात.

तिथून मारिओ गॅलरी जवळच. मारिओंनी सुरुवातीची चार वर्षं जाहिरातीच्या स्टुडिओत काढली होती आणि ते त्यांच्या रेषेत दिसतं: गर्दीतल्या प्रत्येक माणसाला काम दिलेलं, एकही कोपरा वाया नाही. पणजीच्या बाजारातली त्यांच्या चित्रांची भिंतही पाहून घ्या, भाजीच्या टोपल्यांसकट.

रात्रीची बस होती. परतल्यावर पहिलं काम केलं ते भाईंच्या दप्तरातल्या हँडबिलांच्या स्कॅनची नीट यादी. गाव, देव, नाटक, रंग, कागदाचा आकार, नावं. ती छापून त्यांना पाठवली. आठवड्यानं त्यांचा फोन आला. तीन कलाकारांची नावं त्यांनी ओळखून लावून दिली, एक अजून हयात आहेत आणि बोलायला तयार आहेत. शिवाय त्यांच्या गावची जत्रा माघात आहे. पडदे लावताना बघायचे असतील तर संध्याकाळची वाट पाहू नकोस, दुपारी तीनलाच देवळात पोच, असं बजावून त्यांनी फोन ठेवला.